मीठ न कळणारी डावी बाजू

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आमचे सर, त्यांच्या घरची मंडळी आणि समोर बसलेल्या सर्वांना माझा नमस्कार. मला पाच मिनिटे मिळाली आहेत. लिहून आणलेला कागद तीनदा उघडला, तीनदा मिटला. त्यात नुसती स्तुती आहे, म्हणून तो खिशातच राहू दे.

मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. शस्त्रक्रियेआधी क्षणभर हात जोडायची सवय तिथल्या प्रार्थनेची. इथे मला शस्त्रक्रिया शिकवताना सर म्हणायचे, "देव बघतोय ते ठीक. तू बघतोयस ना?"

जबड्याखालची लाळग्रंथी काढताना ती खाली ओढली की जिभेची नस तिच्याबरोबर कोन करून खाली येते आणि जी लाळेची नळी कापायची असते तिच्यासारखी दिसते. त्या एका नसेतून स्पर्श, चव आणि जिभेखालच्या ग्रंथीला लाळेचा हुकूम, तिन्ही जातात. "ओढ सैल कर, नस वर जाते का बघ, मगच कात्री." हे सरांचे वाक्य इथल्या निम्म्या डॉक्टरांना पाठ असेल. मलाही होते.

नऊ वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या डाव्या ग्रंथीत खडा झाला आणि ती काढायला सर आणि मी उभे राहिलो. सरांना मध्येच शेजारच्या टेबलावर बोलावले. मी ओढ सैल केली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मावशींना डोळे मिटायला लावून जिभेवर मीठ टेकवले. उजवीकडे कळले, डावीकडे काहीच नाही. जीभ मात्र छान हलत होती, कारण हलवणारी नस वेगळी. बोलता येतंय ना, मग झालं, अशी मी मनाची समजूत घातली. देवापुढेही तेच सांगत राहिलो.

सर मावशींना म्हणाले, "चूक माझी."

"एवढे मोठे डॉक्टर, आणि नस दिसली नाही? आता काय तोंड वाकडं करून मीठ चाखू?"

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. बाहेर आल्यावर सर एवढेच म्हणाले, "धीर आला की तूच सांग." मावशी ज्याला त्याला सरांचे नाव सांगत राहिल्या. माझ्या जिभेच्या साऱ्या नसा शाबूत होत्या.

सर, तुम्ही मान हलवून नको म्हणताय. आज ऐकणार नाही. उद्यापासून तुम्ही इथे नसाल, आणि ही गोष्ट कायमची तुमच्या नावावर राहील.

मावशी दाराजवळ बसल्या आहेत. मावशी, कात्री माझ्या हातात होती.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि संयोजकांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल तर सभागृहाने पोटात घालावे. नऊ वर्षांची माफी मात्र माईकवरून मागण्यासारखी नाही. ती मागायला मी खाली येतो आहे.