स्टेजवरचा पाय

...अन् वरून तो आरोग्यखात्याचा साहेब म्हणते कसे, "प्रेमदासजी, पायजमा जरा वर घ्या." आता तुमाले सांगतो, मी टेलर माणूस, पायजमा म्याच शिवला, डाव्या पायाची मोहरी आठ इंच अन् उजव्याची अठरा, असा पायजमा पुलगावच्या अख्ख्या बाजारात भेटत नाई, तो चटकन वर होते का? पोटरीवर अटकते. मंग साहेबाचा माणूस येते, खाली वाकते, अन् आम्ही दोघं मिळून वढतो, समोर शंभर लोकं, पहिल्या रांगेतले पोट्टे तोंडावर हात ठेवून हासून राह्यले, अन् साहेब माईकवर, "हा पाहा, हत्तीरोग असा असतो." असा असतो म्हणे. मी काय जत्रेतला पाळणा आहो?

हत्तीपाय आहे मले, आता लपवू कायले. अठ्ठावीस वर्षं झाले. मच्छर चावते, अंगात जंतू सोडते, ते आत बसून राह्यते वर्षावर वर्षं, दुखत नाई खुपत नाई, अन् एक दिवस चप्पल पायात जात नाई... मंग डाक्टर काय करन? तो म्हणते पाय रोज धुवा, कोरडा ठेवा, उशीवर ठेवा. गेलेला पाय काई वापस येत नाई जी. म्हणून रोग व्हायच्या आधीच, सालातून एकदा सगळ्यायनं गोळ्या खायच्या. हे मले पाठ आहे, कारण मोहिमेचं उद्घाटन आलं की यायले दोन पाहुणे लागते, एक हार लागते, अन् एक मी लागतो.

अन् तो पाहुणा... गोळी ओठाले लावते, फोटोवाला म्हणते, "एक मिनिट सर, तसंच," फटकन फोटो, अन् गोळी रुमालात! म्या मातर गिळतो. दरसाल. गिलासभर पाणी पिऊन, लोकायले तोंड उघडून दाखोतो. अन् तेवढ्यात मागून, "प्रेमदासजी, पायजमा जरा वर घ्या, ह्या बाजूनं फोटो राह्यला."

बरं, एवढं करून लोकं खाते का? आमची आशाताई आहे, धुरपता, गोळ्यायची पेटी घेऊन घरोघर फिरते, तिले हुकूमच आहे की आपल्या समोर गिळवायच्या, हातात द्यायच्या नाई. तं लोकं म्हणते, "ठेवून जा बाई, जेवून खातो." अरे, आत्ता ढेकर देऊन राह्यला ना तू? मंग त्या गोळ्या जाते चुलीत, नाई तं नालीत. मी तरी कोणता शहाणा? माया तरुणपणी कोणी दारावर आलं असतं तं मीबी हेच म्हटलं असतं, ठेवून जा बाई.

पण ह्या साली धुरपता आली ते तोंड पाडूनच. म्हणे, "भाऊ, अर्धा मोहल्ला गोळ्या घेतच नाई." म्हटलं काऊन? तं ते किरानावाले डोमाजी दुकानात बसून लोकायले सांगून राह्यले, "गावात बिनचूक गोळ्या कोण खाते? प्रेमदास. अन् पाय कोणाचा सुजला? प्रेमदासचाच. बाकी तुमीच समजा." घ्या! गेलतो मी त्याच्या दुकानात. म्हटलं, डोमाजी, पाय आधी सुजला, गोळ्या मागून आल्या. तं म्हणते, "ते तू म्हनतं. आमी तं तुले गोळ्या खातानाच पाह्यलं बाप्पा." आता ह्या माणसाले काय सांगसान?

डोमाजीचं सोडा. तो बुडो. पण माया रुपेश, बावीस वर्षांचा, पोलीस भरतीसाठी रोज सकाळी पाच किलोमीटर पळते, त्यानंबी तेच धरलं. "बाबा, तुमी खाता ना दरसाल, काय फायदा झाला? मले चक्कर आली तं भरती जाईन." तुमाले सांगतो, तो पळून येते, ओसरीत बूट काढते, तवा मी मशीन थांबवून त्याचे घोटे पाहतो. रोज पाहतो. त्याच्या रक्तात जंतू आहे का नाई, कोणाले माईत? मायाबी रक्तात होते, तवा मी असाच पळत होतो. म्या हात जोडले पोराले. बापानं पोराले हात जोडले. तं मान खाली घालून म्हणते, "तुमच्यासमोर मले गिळवतच नाई. पाय दिसते तुमचा."

धुरपता पेटी घेऊन तिथंच उभी होती, तिनं माया दंडाले हात लावला. "भाऊ, तुमी उलसे बाहेर जाता का?"

गेलो. आपल्याच घरातून, आपल्याच पोरानं गोळ्या खाव्या म्हणून, बोरिंगजवळ जाऊन उभा राह्यलो. रडू आलं, खोटं कायले बोलू. मंग ते बाहेर आली, म्हणे, "सगळ्या गिळल्या. तोंड उघडून पाह्यलं म्या. बोटाले शाई लावली." म्हटलं, जमलं. लोकं मले काईबी म्हणोत.

पण त्या बाईच्या डोक्शात उजेड पडला ना! म्हणे, "भाऊ, आता डोमाजीच्या गल्लीत जातो, तिकडे दिसू नका." मंग म्हणे शाळेकडे येऊ नका, मंग म्हणे दुकानात बसू नका... शेवटी म्हणे, "मोहीम संपतवर गावालेच जाता का कुठं?" तवा मले समजलं, अठ्ठावीस वर्षं पाय घेऊन जगलो, त्यातले कितीक वर्षं स्टेजवर काढले, अन् मोहिमेले माया खरा उपयोग कायचा, तं मी गावात नसण्याचा.

निघालो थैली घेऊन. केळझरले बहीण आहे माई, नलू. उन्हातानाचा पोचलो, पाय ठणकून राह्यला, म्हटलं ओसरीवर टेकतो उलसा. तं नलूनं पाणीबी देल्लं नाई, हात धरून आत वढलं अन् दार लोटलं. म्हणे, "दादा, चार दिवस बाहेर निघू नको बाप्पा. आमच्या गल्लीतबी आजपासून गोळ्या वाटून राह्यले."

बसलो मंग आत.