निरीक्षक साहेबांचा दरेकसा दौरा

— नाही जी, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय नुसता दिसते, टेकत नाही. इकडं खाटेवर बसा. हो, असे आरामात. लाइन सकाळपासून गेली, म्हणून पंखा बंद हाये, नाहीतर पंखा चांगला हाये आमचा. आमचे हे येतेच आता. सालेकशाले गेले, कोंबडी आणायले. घरी सहा कोंबड्या हायेत, ह्या पाहा ना, तुमच्या बुटाजवळच फिरून राह्यल्या — पण हे म्हणले, पार्टीचे निरीक्षक नागपूरचे, त्याईच्या दातानं गावरान तुटणार नाही, बॉयलर आणतो. अन् जाताजाता मले बजावून गेले, फुलवंता, साहेबाले पाणी दे, चहा दे, अन् मी येईस्तोवर तोंड बंद ठेव. ठेवलं असतं जी. पण घरी आलेल्या माणसासमोर मुकं बसावं, असं आमच्यात नाही चालत. गूळ जास्त झाला का चहात? नाही ना?

काय विचारलं? वातावरण? वातावरण तं एकदम मस्त हाये. ह्या वेळी राखीव सीट आपलीच समजा. साडेअकराशे सभासद केले आमी, रजिस्टर पाहिलंच असन तुमी — काय? सगळं अक्षर एकच? नाही नाही, एक कसं असन, दोन हायेत. अर्धं मी लिहिलं, अर्धं पोरगी खुशबूनं लिहिलं, अन् पेनबी दोन घेतले होते, एक निळा, एक काळा, का पाहणाऱ्याले बरं वाटावं. पण माणसं खरी हायेत! म्हणजे... त्यातले बारा-पंधरा वारले मधात. ते असते तं आपल्यालेच देते मत, हे मी छातीठोक सांगते. लिहून कायले राह्यले जी? हे नका लिहू. हे असंच बोलली मी.

भाषणाचं म्हणता तं भाषण येत नाही त्याईले. खोटं कायले सांगू, तुमी घरचे. मागं आमगावच्या सभेत माइक दिला हातात, तं हे म्हणले, 'मी दुधराम सलामे, नमस्कार,' अन् येऊन बसले खाली. लोकाईनं टाळ्या वाजवल्या, हो! सगळ्यात छोटं भाषण म्हणून. पण त्याईचं पट्ट्याचं काम विचारा कोणाले. जंगलातल्या जमिनीचे पट्टे — नऊ वर्षं, साहेब. युरियाच्या थैलीत सगळ्या गावाचे कागद भरायचे, सायकलले बांधायचे अन् चालले कचेरीत. कधी नकाशा नाही, कधी सही नाही, कधी साहेब मीटिंगले. हे वाद नाही घालत, भांडत नाही. बाकावर बसून राहतात. इतके बसले, इतके बसले, का शेवटी तो बाबू कंटाळला अन् सही आणून दिली. एकेचाळीस घराईले पट्टे भेटले. आमाले? आमाले नाही भेटला. आपला कागद याईनंच थैलीत सगळ्यात खाली ठेवला होता, तो अजून खालीच हाये. मी भांडली त्या दिवशी. दोन दिवस जेवली नाही. आता काय, जाऊ द्या.

खर्चाची तयारी... हो, यावं लागन त्याच्यावर. मागच्या खेपेच्या साहेबानंबी हेच विचारलं होतं, मतं किती ते विचारलंच नाही. हे मले शिकवून गेले, विचारलं तं वीस लाख सांग. आता मी तुमाले वीस लाख सांगते, अन् तुमी लिहा वीस लाख — पण वीस लाख आमी डोळ्यानं नाही पाहिले जी. हायेत ते एक लाख शहात्तर हजार. हसू नका. तेंदूपत्त्याची मजुरी हाये ती, बोनस हाये, मोहफुलाचे पैसे हायेत. कोणाले मागायले नाही गेलो आमी. ती समोर भिंत सारवून राह्यली ना, शकुंतलाबाई, तिनं बकरी विकली. मी म्हणली, आजी, तू कायले? तुले ह्या वयात इलेक्शनचं काय पडलं? तं म्हणते, या दुनियेत पहिल्यांदा माझ्या नावानं काही आलं, तो कागद दुधरामनं आणला, तवा बकरी माझी, मी विकन नाहीतर खाईन. आता काय बोलता? घेतले. पावती मागितली नाही कोणी. इथंच हायेत, धानाच्या ढोलीत, बुडाशी. बँकेत टाकाचे होते, पण हे म्हणले, तिकीट भेटू दे आधी.

त्या दुसऱ्या पार्टीवाल्याईचं तुमाले सांगू नको म्हणले होते हे. पण सांगतेच, म्हणजे तुमाले माणसाची पारख होईन. परवा आले ते दोन गाड्या घेऊन. दुधरामभाऊ, उभं नका राहू, वावरात बोअर मारून देतो, पोरीची नोकरी लावून देतो. यानं काय केलं असन? नाही म्हणले? कुठले जी! चहा पाजला, अन् तोंडावर नाही म्हणवत नव्हतं म्हणून मागच्या दारानं वावरात निघून गेले. मग मीच बाहेर येऊन नाही म्हणली. असा माणूस हाये तो. देवानं जीभ दिली, पण त्यात 'नाही' टाकायचं राहून गेलं. आमदार झाल्यावर लोकाईले बरं पडन तसं —

थांबा, तुमचा ड्रायव्हर काय उतरवून राह्यला गाडीतून? पोस्टर? अगं माय, छापूनबी आले! आन गा इकडं, आन, सोड ती दोरी — मी म्हणली होती याईले, तो पिवळसर कोसल्या रंगाचा सदरा घालून फोटो काढा, पांढऱ्यात माणूस — हे कोण जी?

नाही, चांगला हाये फोटो. चष्मा चांगला हाये. पण हे कोण?

अश्विनबाबू. बरं. आडनावावरून आमच्यातलेच दिसतात. राहतात कुठं? नागपूरले. म्हणजे जातीचा दाखला इथला अन् बंगला तिथला. इंजिनियर... हं. खर्च पूर्ण घरचा करतात... हं हं. कधी ठरलं? बुधवारी. आज शनिवार हाये साहेब. म्हणजे तुमी घरून निघाले तवाच ठाऊक होतं. मग मघापासून वातावरण कायले विचारून राह्यले मले?

आमचे हे प्रचारप्रमुख. मोठं पद हाये म्हणता. बाकावर बसायची सवय हाये त्याईले, बसतील. अन् गावानं जमवलेला निधी पक्षात जमा करायचा, अश्विनबाबूच्या प्रचाराले. पावती भेटन. शिक्क्याची.

पैसे? कोणते पैसे जी? मी कुठं पैशाचं बोलली? ढोलीत धान हाये. हात नका लावू ढोलीले. आमच्यात परक्या माणसाचा हात नाही लागू देत धानाले — असं काही नाही म्हणता? आजपासून हाये.

शकुंतलाआजी! ओ आजी! सारवणं राहू दे, इकडं ये, दारात बस जराशी. अन् येतायेता शेजारच्या गुंजनलेबी हाक मार, तिच्या सासूलेबी.

घाबरता कायले, कोणी काही नाही करत तुमाले. चहा प्या. एक विचारते तेवढं सांगा, तुमी जाणकार माणूस — अपक्षाचा फॉर्म कधीपर्यंत घेतात? मंगळवार. तीन वाजेपर्यंत. अन् डिपॉझिट आमच्या लोकाईले अर्धंच लागते ना? पाच हजार. बरं झालं आले तुमी, नाहीतर एवढ्यासाठी तालुक्याले जा लागलं असतं. कोणाच्या नावानं भरणार, म्हणता? ते आमी पाहू.

उठा आता. ऐकू येऊन राह्यली ना ती मोटारसायकल? आमचे हे होय, घाट चढून राह्यले. तुमी इथं दिसले तं ते तुमाले जेवू घालतील, अन् जेवण झाल्यावर तुमी हात पुढं केला तं ढोली उपडी करून देतील, अन् रात्रभर झोपणार नाहीत. मी सांगते त्याईले, साहेबाची गाडी बिघडली, आलेच नाही. बॉयलर आमी खाऊ.

पोस्टर घ्या. मोजून घ्या, मागून म्हणाल, सलामेच्या घरी कमी झाले.

नाही नाही, डावीकडं नका वळवू, तिकडून हे येऊन राह्यले. उजवीकडं घ्या, टेकडीकडून. हो जी, लांब पडते. पडू द्या.