परत आलेलं पिल्लू

कोकिळा: हात वरून नोका नेऊ, काकू. वरून आला का त्याले घार वाटते. जमिनीवरून सरकवत आना. अन् त्याच्या डोळ्यात पाहू नोका.

विमलाबाई: डोळ्यात नाई पाह्याचं तं कुठी पाह्याचं वं? मांजरीचं पिल्लू नेयाले आली मी, का नवरी पाह्याले?

कोकिळा: भिंतीकडं पाहा. मी बी पयले तशीच बसत होती, पाठ करून. मंग तेच मागून येऊन लुगडं हुंगते.

विमलाबाई: बरं बाई, बसतो भिंतीकडं तोंड करून. घरी कामं पडून हायेत माही. तुह्या चंद्रभाननं निरोप देल्ला म्हनून आली. म्हने, कोकिळा उद्या जाम गावाले माहेरी चालली बाळंतपनाले, अन् पिल्लाच्या काळजीनं जेवत नाई.

कोकिळा: मी गेली का याले कोन पाहीन? हे दिवसभर कापसाच्या जिनातल्या मशिनी खोलण्यात. काकाजी तं पयलेच याच्या जिवावर उठले होते.

विमलाबाई: आमच्या ह्यायचा जीव गोदामात अडकला राह्यते. सिझन संपला का सरकीचं गोदाम झाडा, चुना मारा. पोत्यामांगं मांजरीची पिल्लं दिसली, तं म्हने भरा पोत्यात अन् टाका नदीवर.

कोकिळा: मायले कुत्र्यायनं मारलतं त्यायच्या. तीन जीव, उपाशी. मी आडवी गेली अन् टोपल्यात घालून अथी आनले. काय फिसकारत होते, काकू! हे पाहा, मनगटावर अजून ओरखडे हायेत.

विमलाबाई: मंग माणसायले लागले कसे?

कोकिळा: जुनं लुगडं अंथरून देल्लं, अंगाचा वास ओळखीचा व्हावा म्हनून. बोटाले दूध लावून पुढं धरत होती. चाटलं तं चाटलं, नाई तं नाई. मंग एक वासुदेवराव मास्तरच्या घरी गेलं. त्यायची पोरगी उशाशी घेऊन झोपते म्हने. एक तानाबाईनं नेलं.

विमलाबाई: अन् एक हिरालालच्या दुकानात गेलतं ना? आमचे हे सांगत होते, धान्यात उंदरं लय झाले म्हनून तो स्वतः येऊन घेऊन गेला.

कोकिळा: गेलतं.

विमलाबाई: गेलतं म्हंजे?

कोकिळा: हेच ते, काकू. परत आलं.

विमलाबाई: हिरालालचं दुकान नदीपल्याड हाये, पोरी. एवढंसं पिल्लू पूल चढून कसं येईन?

कोकिळा: मले काय मालूम? सांजच्याले टोपल्यात घालून, वरून फडकं बांधून नेलं त्यानं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडली होती. भल्ली लू चालू होती, म्हनून दाराले आतून कडी. जाग आली तं हे चुलीमांगं बसून अंग चाटून राह्यलं होतं.

विमलाबाई: छपराच्या कवेलूतून उतरलं असंन.

कोकिळा: पायाले धूळ नोती. अन् गळ्याले सुतळीचा वळ होता, कातडं सोललं होतं. त्याच्यावर हळद लावली होती कोनंतरी. ओली होती अजून. माह्या बोटाले लागली.

विमलाबाई: तूच लावली असशीन. पोटुशेपनात ध्यान राहत नाई बाईले.

कोकिळा: घरातली हळद संपली होती, काकू. तुमच्याच घरून मागून आनली मी दुसऱ्या दिवशी.

विमलाबाई: हो. आनलती तू.

कोकिळा: हिरालाल बी आला होता विचारत. म्हने, खांबाले बांधलं होतं, सुतळी तशीच हाये, गाठ बी तशीच हाये, पिल्लू तेवढं नाई. मी म्हटलं, मले नाई मालूम. अन् हे त्याच्या आवाजानं असं थरथरलं का मी पदराखाली धरून बसली.

विमलाबाई: जाऊ दे. नको आठवू ते. आता याले बोलव बरं माह्याकडं, ऊन उतरायच्या आत नेतो.

कोकिळा: हिली हिली हिली, ये माये. हिली हिली, ये माये.

विमलाबाई: थांब.

कोकिळा: काय झालं?

विमलाबाई: ही हाक कुठून आनली तू? माहेरून?

कोकिळा: नाई वो. तुमचीच ना?

विमलाबाई: माही?

कोकिळा: पिल्लं आनली तवा हाताले येत नोती. दुपारी भिंतीपल्याडून आवाज येत होता, हिली हिली, ये माये. लय हळू. मले वाटलं, काकू शिकवून राह्यल्या मले. मंग मी बी तसंच म्हटलं, तं तिन्ही कान टवकारून बाहेर आले.

विमलाबाई: माहं घर खोल्यायच्या रांगेच्या त्या टोकाले हाये, कोकिळा. या भिंतीपल्याड सरकीचं गोदाम हाये. चुना मारून झाल्यापासून त्याले कुलूप हाये.

कोकिळा: कोनी बाई झाडाले येत असंन.

विमलाबाई: सिझन बंद झाला का कोन येते अथी? सगळे मजूर आपापल्या गावी गेले.

कोकिळा: मंग अथी आमच्या पयले कोन राहत होतं? ह्यायले विचारलं तं हे बी तोंड फिरवते.

विमलाबाई: तुले असं असताना काऊन विचारते? मोकळी होऊन ये, मंग सांगतो.

कोकिळा: मी दिवसभर एकटी बसतो या खोलीत. न सांगितल्यानं जास्त भेव लागते, काकू.

विमलाबाई: पंचफुला राहत होती. चौकीदाराची बायको. मंगरू तिचा नवरा. गोंडायची मानसं, कारंज्याकडल्या रानातली. कापसाची रुई झाडाले जात होती ती जिनात. लेकरू नोतं. जिनातल्या सगळ्या मांजरी तिच्यामांगं.

कोकिळा: पिल्लं लावत होती मानसायले?

विमलाबाई: अशीच. पाठ करून बसे, अन् हाक मारे. हीच हाक. हिंगणघाटात कोनाले बी मांजर पाह्यजे असली का म्हनत, पंचफुलाकडून आन, तिच्या हातचं मांजर घर सोडत नाई. पन देऊन मोकळी नाई होत होती ती. आठ-पंधरा दिसानं त्या घरी जाऊन उभी राहे. पिल्लू उचले, पोट चाचपून पाहे. भरलं असलं तं काई न बोलता घरी. खपाटीले गेलं असलं तं काई न बोलता पदरात घेऊन परत.

कोकिळा: हिरालालच्या घरी बी देल्लं होतं तिनं?

विमलाबाई: देल्लं होतं. खांबाले बांधून ठेवलं त्यानं, म्हने भूक लागली का उंदरं जास्त मारते. पंचफुला सोडून घेऊन आली पुलावरून. त्यानं अथी येऊन बोंबाबोंब केली, माही मांजर चोरली म्हने. ती उंबऱ्यात बसून राह्यली, पिल्लू पदराखाली धरून. एक शब्द बोलली नाई.

कोकिळा: मंग?

विमलाबाई: मंग ताप आला तिले. मंगरू कापसाच्या गाठींच्या गाडीसंगं वर्ध्याले गेलता. ऐन सिझन, साऱ्या मशिनी चालू. या रांगेत आपलंच बोलनं आपल्याले आयकू येत नोतं. तो आला तवा ती अथीच पडली होती, चुलीजवळ. थंड झालती. हाक मारली असंन तिनं कोनाले. कोनाले आयकू आली नाई.

कोकिळा: आता मशिनी बंद हायेत.

विमलाबाई: असं नको बोलू, कोकिळा.

कोकिळा: म्हनून आता आयकू येते, काकू.

विमलाबाई: गप बस. पोटात लेकरू हाये तुह्या. तिले लेकरू नोतं. आजच जाय तू जामले, उद्याची वाट नको पाहू. मी चंद्रभानले सांगतो.

कोकिळा: मी या घरी नवीन आली तवा रडत बसली होती. मायची याद येत होती. पिल्लं बी नोती तवा अथी. तवा आयकली मी ती हाक पयल्यांदा. मलेच कोनी बोलवून राह्यलं असं वाटलं. मंग मले अशी झोप लागली, काकू, का सांजच्याले ह्यायनं येऊन उठवलं. अंगावर लुगडं पांघरलं होतं.

विमलाबाई: तुले भेव नाई वाटलं?

कोकिळा: तवा नाई. आता तुमी सांगतलं तं अंगावर काटा आला. पन जिनं याच्या गळ्याले हळद लावली, ती माह्या लेकराचं वाईट काऊन करंन?

विमलाबाई: तू येडी हायेस. मी हे पिल्लू नाई नेत. मले नाई पाह्यजे असलं काई घरात.

कोकिळा: मंग हे मरंन. खोलीले कुलूप लागंन, आमचे हे भाकर खाले जिनाच्या खानावळीत जातीन, अन् बाहेर त्याच्या मायले मारलं ती कुत्री हायेत. दुसरं कोनी नाई नेयाले. मी विचारून पाह्यलं सगळ्यायले.

विमलाबाई: मले त्याच्यात नको गुंतवू.

कोकिळा: हळू बोला. पाहा आता. सरळ नोका पाहू, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहा.

विमलाबाई: काय करून राह्यलं ते?

कोकिळा: मान वर केली. रोज या वक्ताले करते.

विमलाबाई: डोळे मिटले त्यानं. गुरगुरून राह्यलं. कोनी गळा खाजवल्यावानी.

कोकिळा: माहे हात माह्या मांडीवर हायेत, काकू.

विमलाबाई: माहे बी.



कोकिळा: उठू नोका. येऊन राह्यलं तुमच्याकडं.

विमलाबाई: त्याले कोनं हाक मारली? तू?

कोकिळा: मी नाई.

विमलाबाई: मांडीत चढलं माह्या. कोकिळा, हे तं कापसाएवढं बी वजनाले नाई. पोट पाहा कसं पाठीले लागलं.

कोकिळा: परत आल्यापासून जास्त खात नाई. भाकर दुधात कुस्करून द्या. थंड दूध नोका देऊ.

विमलाबाई: मले नको शिकवू. सात लेकरं वाढवली मी. माहा पदर दे इकडं, त्याच्या डोळ्यावर ऊन येईन बाहेर.

कोकिळा: नेता मंग?

विमलाबाई: जरा बाजूले सरक, उठू दे मले. ते चुलीजवळचं लुगडं बी दे, त्याच्या ओळखीचं. तू उंबऱ्यातच थांब, पोरी, माह्या संगं नको येऊ.

कोकिळा: कोनाशी बोलून राह्यल्या, काकू? चुलीकडं तोंड करून?

विमलाबाई: पंचफुले, नेतो वं मी याले. पाह्याले येजो.