घर आमचं, टेम्पो माघारी

...अन् वरून लोकं मलाच इचारायलेत, "परमेश्वरराव, सोताचं घर असून किरायानं कामून ऱ्हायलाव?" आता काय सांगू? तुमीच सांगा!

तुमाला सांगतो, लगीन झाल्यापसून आमी सोनपेठात धुरपतामावशीच्या दोन खोल्यांत किरायानं. खिळा ठोकला की भिताडाच्या पल्ल्याड मावशी खोकलायची... मुद्दाम! माझा जीव एकाच गोष्टीत अडकला व्हता, एकदा सोताच्या छताखाली झोपायचं. अन् आमच्या बायकोनं, रेणुकानं, ब्लाऊज शिवू शिवू, भिशी लावू लावू, स्टँडमागं घर घेतलं! घेतलं कसं ते ऐका... दलाल मनायला, "वहिनी, संध्याकाळी या, गार हवा असती." ही गेली मे महिन्यात, टळटळीत दुपारी! शेजारणीला पानी मागितलं, अन् पेता पेता इचारलं, "बोअरचं हाय का टँकरचं?" दोन जागा तितंच बाद! बाईला मानलं बरं का!

मी सोता ब्रश घेऊन समदी भिताडं रंगवली, मंग वास्तुशांती झाली. सोयरेधायरे जेवून गेले. दुसऱ्या दिशी रेणुका झाडलोट कराया फुडं गेली, अन् मी काय केलं? टेम्पो भरला! गाद्या, कपाट, सगळं! मावशीफुडं छाती फुगवून मनलो, "सांबाळा तुमची भिताडं, आमी निघालाव!" मावशी नुस्ती गालात हसली. तवाच वळखाया पायजे व्हतं!

टेम्पो नव्या दारात, तर आतून एक एसटीचा कंडक्टर बाहेर! "या मालक, मी सिद्धोधन. च्या घ्या!" मालक?... आरं पन तू कोन? रेणुका मनली, "अवो, मी घर यांना किरायानं देलंय. स्टँडजवळ हाय, मावशीचा किराया देऊन बी उरतंय. उरल्यात फुडचा प्लॉट. झोप काय, कुठं बी लागती!"

"आगं, मंग आधी सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर रंगाचा ब्रश हातात धरला असता का तुमी?"

खरंच व्हतं की हो! बाईला मानलं बरं का!

टेम्पो माघारी. मावशीफुडं मान खाली... "मावशी, त्या दोन खोल्या..." मावशी मनली, "रेणुकानं किराया आधीच देलाय बाबा. उतरव गाद्या!" अन् आता मावशीला बी नाद लागलाय! दर ऐतवारी घरमालकीन अन् किरायादारीन, दोघी जीपीत बसून पाथरीला प्लॉट बघायला! लोकांच्या बायका माहेरी जात्यात, आमची बायको मोजणीला जाती. बाईला मानलं बरं का!

गेल्या ऐतवारी जाता जाता मनली, "सिद्धोधनभाऊचा नळ गळायलाय, तेवढं बघा." गेलो पाना घेऊन. नळ बसवला, घामाघूम झालो. बिचारा मनला, "मालक, पंखा लावतो, टेका जरा." टेकलो... अन् तुमाला सांगतो, लागला की हो डोळा! सोताच्या छताखाली! काय ती झोप, काय ते सुख... अन् कुनीतरी खांदा हलवायलं.

"मालक, उठा. मला ड्युटीवर जायचंय, कुलूप लावायचंय."

उठलो. काय करता?