निळं औषध

मंजुषा : कॅप काढायची नाही, अश्वजित. उडालेला कोपरा तेवढा जोडून दे. बाकी कशाला हात लावू नकोस.

अश्वजित : ताई, आधी आ तर करा. तोंड बंद ठेवून मी काय पाहू?

मंजुषा : आधी तू हो म्हण.

विमलाबाई : बाबाच्या खुर्चीत बसून काऊन भांडून राह्यली मंजू? डॉक्टरले पाहू दे ना.

मंजुषा : भांडत नाही, आई. सांगतेय. बाबांनी बसवलेली कॅप आहे ती. ती माझ्या तोंडातून कोणी कापून काढायची नाही.

अश्वजित : मले माहीत आहे थे कॅप. मी इथी नवीन लागलो तवा सर तुमाले हसायले लावत, अन् मले विचारत, सांग, यातला आपला दात कोणता अन् देवाचा कोणता?

विमलाबाई : मंग सांगतला काय तू?

अश्वजित : सांगतला ना काकू. देवाच्याच दातावर बोट ठेवलं, म्हटलं हा आपला. सर त्या दिवशी दिवसभर खुश होते.

मंजुषा : मला आठवतंय.

अश्वजित : हं. आता आ करा. कशानं तुटला म्हणता?

मंजुषा : जेवताना.

विमलाबाई : जेवताना नाई. तेरवीच्या दिवशी फोटोच्या हाराचा दोरा दातानं तोडला हिनं.

अश्वजित : दोरा? सरांच्या घरात?

विमलाबाई : जन्मभर ओरडत राह्यले, दात म्हणजे कैची नोय. अन् पोरीनं त्यायच्याच हाराचा तोडला.

मंजुषा : कात्री सापडत नव्हती. घर पाहुण्यांनी भरलेलं, भटजी घाई करत होते. तोडला. झालं. हा घे तुकडा, या डबीत आहे. हाच परत चिकटव.

अश्वजित : हा कॅपचा तुकडा नाई, ताई. कॅप चिनीमातीची. हा वरून भरलेला मसाला आहे.

मंजुषा : माहीत आहे. दिवाळीत कोपरा उडाला होता, तेव्हा बाबांनीच भरला. याच खुर्चीत.

अश्वजित : दिवाळीत? मी गावाले गेलतो तवा. थांबा, जरा हवा मारून पाहतो… हं.

मंजुषा : हं म्हणजे?

अश्वजित : काई नाई. माह्यं ऐकाल काय? आपण नवीनच कॅप करू. आज माप घेतो, पुढच्या हप्त्यात बसवून देतो. रंग असा जुळवतो का…

मंजुषा : काय दिसलं तुला?

अश्वजित : खास काई नाई.

मंजुषा : अश्वजित, मी पोरं शिकवते. 'खास काही नाही' म्हणणारं पोर मला बरोबर कळतं.

अश्वजित : ताई, दुःखाच्या दिवसात असे विषय…

मंजुषा : बबनराव तेरवीला आले होते. लष्करी डेपोतले. माझ्यासमोर पंगतीत बसून म्हणाले, डॉक्टरसाहेबांचं मागच्या साली केलेलं काम काही टिकलं नाही, अश्वजितनं पुन्हा करून दिलं. खरं आहे?

अश्वजित : बबनराव दातानं बाटलीची झाकणं काढतात. त्यायच्या तोंडात रेल्वेचा रूळ बसवला तरी निघन.

मंजुषा : आणि बाकीचे?

अश्वजित : एकदोघं आले. ते तर माह्यं केलेलं निघालं तरी येतात.

मंजुषा : म्हणजे लोक बोलतायत.

विमलाबाई : लोकायचं सोड. तुह्ये बाबा, वासुदेवराव डॉक्टर म्हटलं का देवळीवरून मानसं यायची इथी.

मंजुषा : मी लोकांचं विचारत नाही, आई. माझ्या दाताचं विचारतेय. नवीन पोराला शिकवतोस तसं सांग, अश्वजित. काय दिसलं?

अश्वजित : …चिनीमाती काचेवानी गुळगुळीत असते. तिच्यावर मसाला धरत नाई. धरवायसाठी आधी लाल औषध लावा लागते. कडक आम्ल आहे ते. ते चिनीमातीले बारीक बारीक खातं. धुऊन वाळवलं का चमक जाते, जागा खडूवानी पांढरी दिसते. मंग त्याच्यावर एक पातळ औषध, मंग मसाला. असं केलं का तो घट्ट बसते.

मंजुषा : आणि माझी जागा?

अश्वजित : चमकून राह्यली.

मंजुषा : म्हणजे लाल औषध लावलंच नाही.

अश्वजित : निळं लावलं असन. तेही आम्लच, पन सौम्य. आपल्या खऱ्या दाताले ते पुरते. चिनीमातीले नुसतं साफ करते. तरी इतके दिवस टिकलं म्हणजे सरांचा हात…

मंजुषा : बाबांचा हात राहू दे. ज्यांनी तुला हे शिकवलं, ते लाल-निळं विसरले.

अश्वजित : मी तसं म्हटलं नाई.

मंजुषा : तू म्हणणारही नाहीस. त्यांच्या डोक्यातली गाठ आम्हाला उन्हाळ्यात कळली. मी सगळ्यांना सांगत आले, अचानक झालं, काही लक्षणच नव्हतं. लक्षण माझ्या तोंडात होतं, अश्वजित. दिवाळीपासून. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर लांब होता, डोळ्यात बघत होते मी त्यांच्या. आणि मला काही दिसलं नाही.

अश्वजित : ताई…

मंजुषा : तेव्हाच नागपूरला नेलं असतं तर?

विमलाबाई : विसरले नोयते ते.

मंजुषा : आई, समजूत घालू नकोस.

विमलाबाई : समजूत कायले घालू? तो औषधायचा टरे कोनाच्या हातात होता? कंपाउंडर दिवाळीच्या सुट्टीवर, हा त्याच्या गावाले. मीच उभी होती इथी. त्यायनं लाल काढलं, टरेमधी ठेवलं. मले म्हणे, याले बोट लावजो नोको. मंग तुह्या तोंडावर थे रबर ताणायले घेतलं.

मंजुषा : रबराचा पडदा.

विमलाबाई : तोच. अन् तू उबकली. लहानपणापासून तुले तोंडात काई गेलं का तसंच होते. असा हात मारला का रबर तिकडं खिडकीपाशी जाऊन पडलं. आठवते?

मंजुषा : आठवतं. बाबा हसले.

विमलाबाई : हसले. अन् लाल औषध उचलून कपाटात ठेवून देल्लं.

अश्वजित : काकू, हे मले काऊन नाई सांगतलं?

विमलाबाई : मले काय माहीत लाल काय अन् निळं काय. तू आता बोलला तवा समजलं.

अश्वजित : ताई, रबर नसलं त लाल लावता येत नाई. हिरडीवर थेंब गेला त खोल भाजते. मी एकदा गर्दीच्या वेळी रबर न लावता सिरिंज उचलली, त सरांनी पेशंटसमोर हातातून काढून घेतली होती. बोलले नाई काई. आठवडाभर बोलले नाई.

मंजुषा : मग दुसऱ्या कोणी पडदा झिडकारला असता तर?

अश्वजित : परत पाठवलं असतं. दुसऱ्या दिवशी या, उपाशी पोटी या. निळ्यावर भागवताना मी त्यायले कधी पाह्यलं नाई.

विमलाबाई : म्या म्हटलं ना, आज राहू द्या मंग. त म्हणे, सणासुदीची पोरगी फुटक्या दातानं हसन काय? करतो आजच. मी म्हटलं, पक्कं होईन ना? त म्हणे, पक्कं नाई, वर्षभर काढन. निघालं का पुन्हा लावून देऊ. आपण कुठी जाऊन राह्यलो?

(बाहेरच्या खोलीतला कंप्रेसर घरघरतो आणि थांबतो.)

मंजुषा : अश्वजित, पडदा लाव.

अश्वजित : उबळ आली त?

मंजुषा : येऊ दे. लाव.

अश्वजित : एक सांगतो, मंग लावतो. खालचा दात शाबूत आहे. कडेले कीड नाई. सरांची कॅप जागची हालली नाई. म्हणून जोडून देतो, तुमी म्हणता म्हणून नाई. मसाला तोच नाई बसत, नवीन भरा लागन. अन् लाल लागल्यावर हलायचं नाई. काईही झालं तरी नाई.

मंजुषा : कळलं.

अश्वजित : नाकानं श्वास. त्रास झाला त डावा हात वर करा. काकू, तुमी उजवा धरा. डावा धरू नोका, नाई त ताई सांगन कशी?

विमलाबाई : धरला.

अश्वजित : हे क्लिप… हे रबर… झालं. ताई, ठीक? मान नका हलवू, डोळे मिटा, समजलं मी. आता खरवडून घेतो, जुनं निघून जाऊ दे… आता लाल. लागलं. थोडंसंच थांबायचं आहे.

विमलाबाई : अश्वजित, हात वर केला तिनं.

अश्वजित : ताई, आता नाई काढता येत. आता काढलं त सगळीकडं जाईन. नाकानं. नाकानं घ्या.

विमलाबाई : मंजू. माह्याकडं पाह्य. पायाचे अंगठे हलव. हाव, दोन्ही. तुह्ये बाबा सगळ्यायले हेच सांगत. डेपोतले हे एवढे मिशीवाले जवान अंगठे हलवत पडून राहत इथी… हाव. अजून. हलव.

अश्वजित : थोडं राह्यलं.

विमलाबाई : केला खाली हात तिनं.

अश्वजित : शाबास. झालं. पाणी मारतो. काकू, ही नळी धरा इथी, ओढू द्या पाणी. अजून धुतो. आता हवा… पाहा काकू.

विमलाबाई : हाव रे. खडूवानीच झालं.

अश्वजित : ताईले आरसा द्या. दिसलं, ताई? चमक गेली. डोळ्याले हात लावू नोका. पाणी येते त येऊ द्या, ते रबराच्या बाहेर आहे. आतमधी कोरडं आहे, तेवढंच पाह्यजे मले. आता पातळ औषध… आता मसाला. लाईट मारतो, डोळे मिटून घ्या. काकू, तुमीपण.

विमलाबाई : आजून किती?

अश्वजित : रंग जुळून आला का घासतो, चमकवतो. काकू, दुरून पाहून सांगा, देवाचा कोणता अन् आपला कोणता.

विमलाबाई : इथून त नाई समजत.

अश्वजित : मंग जमलं. घ्या, रबर काढतो. दात मिटा. कागद चावा. उंच लागते?

मंजुषा : नाही. गुळगुळीत आहे.

अश्वजित : आज गरम खाऊ नोका. अन् दोरा…

मंजुषा : कात्रीनं.

अश्वजित : हाव.

मंजुषा : किती टिकेल?

अश्वजित : खरं सांगू? खूप वर्षं टिकन, नाई त लवकर कोपरा सुटन. मसाला आहे शेवटी. निघालं त या ना पुन्हा लावायले. मी कुठी जाऊन…

विमलाबाई : तसं नोको म्हणू बाबू. नुसतं या म्हण.

अश्वजित : या, ताई.