मापाची तीन मिनिटं

— तर म्हणालीस ना काल, ‘आई, एकदाचं सांग, दोन्हींतलं कुठलं घेऊ?’ सांगते की. आ कर. अजून. हं — दातांच्या मापाचा ट्रे मी धरलाय, तू काही करायचं नाही. मसाला घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात, तोवर जीभ हलवायची नाही, श्वास नाकाने. दुखलं तर हात वर कर. सगळ्या पेशंटना सांगते तेच तुलाही; लेक म्हणून वेगळा नियम नाही.

दोन महिने झोपेत दात खातेस तू, भिंतीपलीकडे मला ऐकू येतं — म्हणून तर दातांवर बसवायला हे कव्हर करायचंय. आणि कशापायी? प्रवेशाच्या दोन पत्रांपायी! एक ते मोठ्या नावाचं विद्यापीठ — नामांकित प्राध्यापक, सात मजली लायब्ररी आणि संध्याकाळी सहानंतर चिटपाखरू नाही. दुसरं ते तळ्याकाठचं — नाटकवाले, गाणंवाले, डोंगर चढणारे, शिवाय तुझी ती मैत्रीण, चिमणी, तिथेच जाणार. तक्ता केला होतास, नाही का? डावीकडे अभ्यास, उजवीकडे माणसं, दहापैकी गुण. वाचला मी. हसू आलं. तळ्याकाठच्या माणसांना दहापैकी नऊ! कुठली माणसं गं? बारा वर्षं शाळेत काढलीस, वाढदिवसाला घरी आल्या किती जणी? एक. चिमणी. तीही मागच्या महिन्यात याच खुर्चीत बसली होती दाढ भरायला — भूल चढेपर्यंत फोनवर कुणाला सांगत होती माहितीये? ‘ती तिथेही माझ्या मागे शेपटासारखी येणार.’ शेपूट म्हणजे तू. — हात खाली. दुखतंय? दात दुखतोय का, विचारतेय. नाही ना? मग खाली.

मग मोठ्या नावाचं घे, असं म्हणेन वाटलं तुला? अगं, मी तिथलीच ना! पाच वर्षं काढली, पहिल्या तिघांत नंबर सोडला नाही. आणि पाच वर्षांत माझ्या खोलीचं दार कुणी वाजवलं नाही — नाही, खोटं कशाला बोलू, एकदा वाजवलं, शेजारचं समजून. मी बिस्किटांचा पुडा आणून ठेवायचे, कुणी आलंच तर असावा म्हणून. मऊ पडायची बिस्किटं. मीच संपवायचे, उभ्या उभ्या — जाऊ दे, हे कशाला सांगत बसले मी. लाळ येतेय, थांब, पुसते.

तर झालं असं — पत्रं छापायला तू काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर मेल उघडलीस आणि तशीच सोडून गेलीस. मंगळवारी. बसले मी. आधी तळेवाल्यांना लिहिलं, मनापासून आभार, पण येता येणार नाही. अगदी तुझ्यासारखं लिहिलं, गोड. मग म्हटलं, बसलेच आहे तर दुसऱ्यांनाही कळवून टाकू. दोघांची उत्तरं आली, जागा पुढच्या मुलांना दिल्या म्हणून; तुला दिसायच्या आत पुसली मी ती — हलू नकोस! माझी बोटं आहेत आत. माप बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आपल्या इथल्या कॉलेजला तिसरा अर्ज टाकला होतास ना, कुठेच नाही झालं तर असावा म्हणून? त्यांना हो कळवलंय. घरापासून चालत अकरा मिनिटं. साडेसहाला मी इथलं शटर ओढून घरी येते, तर आत कुणी दिवा लावलेला नको? तुझ्या भल्यासाठीच गं. घरी सांगितलं असतं तर तू मला बोलू दिलं नसतंस.

झाली तीन मिनिटं. मोठा आ. निघालं! बघ, काय देखणं माप आलंय, एक बुडबुडा नाही. गुळणी कर. थुंक. हं, आता मोकळं आहे तोंड. बोल काय बोलायचंय ते.

बोल की.

हात कशाला वर करतेस? आता तोंडात काही नाहीये. खाली घे.

खाली घे म्हणते ना.

... बरं, राहू दे तसाच. गुरुवारी ये, कव्हर बसवून बघू. आणि जाताना बाहेर बसलेत त्या काकांना आत पाठव.