शेवटचा गळ

टास्मानियातल्या तळ्याकाठच्या दुकानात गांडुळांचा डबा घ्यायला मर्ना रांगेत उभी होती. पुढे दोन म्हातारे भाऊ बोलत होते.

"दादा, सकाळचा तो ट्राउट मासा सोडलास ना?"

"सोडला. लहान होता. पण गांडुळासकट गळ पार पोटात गेलेला."

"ओढला नाहीस ना? आतडी फाटतात."

"एवढा गाढव वाटलो? ओल्या हातांनी पाण्यातच धरला आणि तोंडाशी दोरी कापली."

"मग तोंड का उतरलंय? गळ इथे पाकीटभर मिळतात."

"तुझ्या वहिनीने जाण्याआधी जे गळ बांधून ठेवले होते ना, त्यातला शेवटचा होता तो."

रांग पुढे सरकली, तरी भाऊ हलले नाहीत. मर्नाही हलली नाही.

"नीट पोहत गेला का रे?"

"हातात जरा थांबला. मग गेला."